आळीतल्या शाळेची मागची भिंत

महाडच्या त्या शाळेत मी रुजू झालो तेव्हा मला तेविसावं वर्ष लागलं होतं. आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. घरी भाताची चार खाचरं, उतारावर नाचणी आणि वरी. दोघे थोरले भाऊ मुंबईला गिरणीत. मी एकटा शिकलो, ट्रेनिंग केलं आणि तालुक्याच्या गावात मास्तर झालो, याचं घरी फार कौतुक होतं. मला स्वतःला मात्र धाकधूकच जास्त. गावातली पोरं आपल्या बोलण्याला हसतील ही पहिली भीती. घाबरलो की माझ्या तोंडून 'नाही'च्या जागी 'नाय' जायचं, आणि त्या दिवसांत मी पुष्कळ वेळ घाबरलेलाच असे.

आळी हमरस्त्यापासून नदीकडे उतरत जायची. वरच्या तोंडाला भाताची गिरणी, मध्यावर देऊळ, आणि सगळ्यात खाली, सावित्रीच्या बाजूला, शाळा. चौथीपर्यंतचे वर्ग. पहिली-दुसरीला एक बाई होत्या, तिसरी माझ्याकडे, चौथी हेडमास्तरांकडे. शाळेच्या पुढच्या दोन खोल्या विटांच्या होत्या, वर मंगलोरी कौलं. मागची लांब खोली सगळ्यात जुनी. काळ्या दगडाची, मातीत रचलेली, वर नळीची कौलं. तिथे माझा वर्ग भरायचा.

हेडमास्तर त्याच आळीत जन्मले, त्याच शाळेत शिकले आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तरी त्याच शाळेत शिकवत होते. मधल्या सुट्टीत मला समोर बसवून ते शाळेचा इतिहास सांगत. मला सांगण्यासारखं दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतं, किंवा यापेक्षा मोलाचं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

"आधी शाळा देवळात भरायची. माझे वडील तिथे शिकले. मग एका मिठाच्या व्यापाऱ्यानं आपली वखार दिली. तेव्हा बंदरावर मचवे यायचे, मीठ उतरायचं. पोरं घरी गेली की आया त्यांचे कपडे झटकायच्या, इतकं मीठ. मग आळीनं ठरवलं, आपली शाळा आपण बांधू. घरटी एक माणूस, रोज. ही मागची खोली अशी उभी राहिली. माझ्या वडलांनी नदीतून दगड वाहिलेत हिच्यासाठी."

एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "देवळात भरायची तेव्हा काही पोरं बाहेर पायरीवर बसायची. पाटी लिहून झाली की खाली ठेवायची आणि दोन पावलं मागं सरायचं. पंतोजी लांबूनच बघायचे." हे त्यांनी मिठाबद्दल सांगितलं त्याच आवाजात सांगितलं. मीही त्यावर काही विचारलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यातली ही गोष्ट. जुलैत नदीचं पाणी आळीत चढलं आणि दोन दिवस शाळेच्या जोत्याला लागून राहिलं. तसं ते दर दोनतीन वर्षांनी यायचं, कुणी फार मनावर घेत नसे. पण त्याच आठवड्यात पुण्याचं धरण फुटल्याची बातमी आली. खानावळीत, एस.टी. स्टँडवर, न्हाव्याकडे, जिथे तिथे पाण्याचंच बोलणं. मी रात्री अंथरुणावर पडलो की नदीचा आवाज वाढतोय की कमी होतोय याकडे कान लावायचो.

पाणी ओसरल्यावर शाळा उघडली. दुसऱ्या दिवशी वर्गातला एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, भिंतीतनं मुंग्या येतायत." मी जाऊन पाहिलं. मागच्या भिंतीत, तुळई जिथे टेकली होती तिथून खाली, बोट जाईल एवढी चीर होती. मुंग्या अंडी तोंडात धरून तिच्यातून बाहेर येत होत्या.

सुट्टीत मी शाळेच्या मागे गेलो. तिथे टाकळ्याचं रान माजलं होतं आणि गटाराचा चिखल. चिखलात उभं राहून मी भिंतीकडे बाजूने पाहिलं आणि मला वडील आठवले.

आमच्याकडे डोंगरउतारावर खाचरं धरून ठेवायला दगडाचे बांध असतात. माझे वडील ते रचण्यात वाकबगार. लहानपणी त्यांच्या मागे हिंडताना मी ऐकलेलं होतं. बांधाचा एखादा दगड सुटला तर घाबरायचं नाही, तो परत बसवता येतो. पण बांध मध्येच फुगला, त्याला पोट आलं, की त्याच्या खाली गुरं बांधायची नाहीत. तो आज पडेल की महिन्याने, सांगता येत नाही. पण पडतो. शाळेच्या त्या भिंतीला पोट आलं होतं.

मी हेडमास्तरांना मागे घेऊन गेलो. त्यांनी छत्री बंद करून भिंतीवर तळहात ठेवला.

"ही अशीच आहे हो. मी लहान होतो तेव्हापासून अशी आहे."

"नाय गुरुजी, चीर ताजी हाय."

"नाही म्हणा. आहे म्हणा." त्यांनी सवयीने मला दुरुस्त केलं. "डोंगरातले तुमचे बांध वेगळे. ह्या भिंतीनं माझ्या देखत किती पूर पाहिले."

ते माझे वरिष्ठ होते, वयाने वडलांएवढे. पण त्या संध्याकाळी खानावळीतून वाटीभर खळ आणली, वहीच्या कागदाची पट्टी कापली, तीवर तारीख लिहिली आणि चिरेवर आडवी चिकटवली. चीर वाढली तर कागद फाटेल. चौथ्या दिवशी सकाळी पट्टी मधोमध फाटलेली होती.

फाटका कागद घेऊन मी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. मी शेजारी उभा होतो, म्हणून मला दिसलं की त्यांनी 'धोकादायक' हा शब्द लिहिला आणि मग खोडून 'दुरुस्तीयोग्य' केलं. दहा दिवसांनी उत्तर आलं. पत्राची नोंद घेतली आहे, पावसाळ्यानंतर पाहणी करण्यात येईल.

ते दहा दिवस मी कसा शिकवत होतो ते मलाच ठाऊक. मुलांना भिंतीपासून लांब, दाराच्या बाजूला दाटीने बसवलं होतं. अडतीस मुलं. मी फळ्यावर लिहायचो आणि कान मागे. एखाद्या पोराने दप्तर आपटलं तरी मी दचकायचो. पोरांना हे कळत होतं. त्यांच्यातला एक वात्रट मुद्दाम पाय आपटायचा.

ऑगस्टातल्या एका सकाळी गुणाकाराचं उदाहरण चालू असताना तुळईच्या टोकाखालून मूठभर ओली माती खाली पडली. आवाज असा काही झाला नाही. पण मी खडू टाकला आणि म्हणालो, "उठा सगळे. दप्तरं राहू देत. बाहेर."

हेडमास्तर त्या दिवशी तापाने घरी होते. बाहेर धो धो पाऊस. पुढच्या खोल्या भरलेल्या. अडतीस पोरं घेऊन मी चढ चढलो आणि देवळाच्या मंडपापाशी गेलो. देवळाचे वहिवाटदार मंडपातच सुपारी कातरत बसले होते. बोलायला मऊ, गावात मान असलेले गृहस्थ.

"भिंत पडायला आलीय," मी म्हणालो. "थोडे दिवस वर्ग इथे बसवू का?"

"बसवा की. पोरं आपलीच आहेत." मग त्यांनी मुलांवरून नजर फिरवली. आळीतलं प्रत्येक पोर ते ओळखत होते. "फक्त ती पाच तेवढी पायरीवर बसू देत. वर पत्रा आहे, भिजणार नाहीत."

माझ्या वर्गात बौद्धवस्तीतली पाच मुलं होती. तीन मुलगे, दोन मुली. पाचच वर्षांपूर्वी त्यांच्या घरांनी जुना धर्म टाकला होता. वर्गात ती सगळ्यांत मिसळून बसत. ज्या मंडपाच्या दारात आम्ही उभे होतो तिथून चवदार तळं चालत दहा मिनिटांवर होतं. कायदा तर झालेलाच होता. तो मला पाठ होता, ट्रेनिंगच्या परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता. पण पाऊस पडत होता, पोरं कुडकुडत होती, भिंत डोक्यात होती, आणि समोरचा माणूस इतक्या सहज बोलला होता की जणू चपला बाहेर काढा म्हणाला.

मी म्हणालो, "बरं."

एवढंच म्हणालो. आयुष्यात बोललेल्या शब्दांपैकी एखादा परत घेता आला असता तर मी हा घेतला असता.

पाचही जण पायरीवर बसले. त्यांतली एक मुलगी हिशेबात वर्गात पहिली. मी मंडपाच्या कडेला उभा राहून दोन्हीकडे ऐकू जाईल असं शिकवलं. उदाहरण घातलं. तिचं सगळ्यांच्या आधी झालं. एरवी ती पाटी माझ्या हातात द्यायची. त्या दिवशी तिने ती पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून पावसात उभी राहिली.

तिला हे कुणी शिकवलं होतं? तिच्या घरात कुणी कधी बोललं असेल. मी पाटी उचलली, बरोबरची खूण केली, आणि तिच्याकडे बघू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी पाचही जण आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. वहिवाटदारांनी विचारलंसुद्धा नाही. तेहतीस मुलांचा वर्ग मंडपात कोरडा बसला होता. शाळा सुटल्यावर मी वस्तीत गेलो.

त्या मुलीचा बाप रस्त्याच्या कामावर होता. घाटात दरड आली की मध्यरात्रीसुद्धा या लोकांना बोलावणं जायचं. तो नुकताच येऊन पाय धूत होता. मुलगी दारात होती, मला बघून आत गेली.

"पोरगी शाळेत येत नाही," मी म्हणालो.

"शाळा कुठंय? देवळाच्या पायरीवर?"

"मागची भिंत पडायला झालीय. पोरांच्या जिवाला धोका होता. मी घाईत..."

तो उभा राहिला. आवाज चढवला नाही. "गुरुजी, माझा बाप तळ्यावर पानी प्यायला गेलावता. डोक्याला खोक घेऊन घरी आला. आनि माझी पोरगी पायरीवर? त्या भिंतीखाली बसली असती तर चाललं असतं. पायरीवर नाय."

"परत नाय बसवनार," मी म्हणालो. माझी भाषा कधी बदलली ते मला कळलंही नाही.

"मग कुठं बसवनार?"

"ठाव नाय."

त्याने धुतलेले पाय पुसले. "ठाव झालं की या," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मंडपातल्या मुलांना सुट्टी दिली आणि आळीत दारोदार फिरलो. एका घरी पडवीत गुरं होती. एकाकडे बाळंतीण. एका घरात सगळं नीट बोलणं झालं, जागा दाखवली, आणि उंबऱ्यावर आल्यावर मालकाने हळूच विचारलं, "ती पाच कुठे बसणार?" मी उत्तर दिलं तसं त्यांना आठवलं की पडवीचं काम काढायचं आहे.

शेवटी आळीच्या वरच्या तोंडाला गिरणीवाल्या काकूंकडे गेलो. नवरा वारल्यावर भाताची गिरणी त्याच चालवत होत्या. मूळच्या आमच्याच बाजूच्या, डोंगरातल्या एका वाडीतल्या. भाताचा हंगाम दिवाळीनंतर, तोवर गिरणीची शेड जवळजवळ रिकामी असायची.

"किती पोरं?" त्यांनी विचारलं.

"अडतीस."

"समदी?"

"समदी."

"मंग आना. इंजनाच्या पट्ट्याला कुनी हात लावायचा नाय, आनि कोंड्याच्या ढिगावर उड्या मारायच्या नाय. दुसरं काय?"

मी सांगितलं, की आळीत लोक बोलतील. मुलं एकत्र बसणार आहेत.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वस्तीचं भात आनि देवळवाल्यांचं भात मी ह्याच तोंडात वतते रे. आजवर कुनी परत नाय नेलान."

सोमवारपासून वर्ग शेडमध्ये सुरू झाला. मी आदल्या दिवशी वस्तीत जाऊन सांगून आलो होतो. पाचही जण आले. त्या मुलीचा बाप दुपारी कामावरून जाता येता शेडच्या दारात थांबायचा, पोरगी कुठे बसलीय ते बघायचा आणि निघून जायचा. माझ्याशी बोलायचा नाही. दुसरीकडे, आळीतल्या नऊ मुलांच्या घरच्यांनी त्यांना पाठवणं बंद केलं.

ताप उतरून हेडमास्तर आले ते थेट शेडमध्ये. पोरांसमोर काही बोलले नाहीत. बाहेर नेऊन म्हणाले, "मला न विचारता वर्ग हलवलात. देवळाचा आसरा मिळत होता तो घालवलात. नऊ नावं गळाली. आता लेखी खुलासा द्या."

मी खुलासा लिहिला. दोनदा फाडला, तिसऱ्यांदा दिला. नोकरी जाईल हे मी धरूनच चाललो होतो. घरी पत्र लिहायला बसलो की 'सर्व क्षेम' यापुढे हात जात नव्हता.

आणि भिंत पडेना.

श्रावणातलं ऊन पडायला लागलं. पाऊस आला तरी शिरवं, पाच मिनिटांचं. भिंत वाळत चालली. रोज संध्याकाळी मी मागच्या चिखलात जाऊन उभा राहायचो. तिचं पोट होतं तेवढंच होतं. आळीतून जाताना ओट्यावरून हाक यायची, "काय गुरुजी, पडली का भिंत?" वहिवाटदार तर रोज विचारायचे, अगदी आपुलकीने, प्रकृती विचारावी तसं.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या दिवसांत मला वाटायला लागलं होतं, की ती पडावी. शाळा सुटल्यावर, कुणी नसताना, पण पडावी. लहानपणापासून मी पडणाऱ्या गोष्टींना भीत आलो होतो. दरडीला, बांधाला, पुरातल्या झाडाला. आणि आता मी एका भिंतीपुढे उभा राहून तिच्या पडण्याची वाट बघत होतो. स्वतःचीच मला भीती वाटायची.

एका शुक्रवारी हेडमास्तरांनी सांगितलं, "सोमवारी वर्ग परत खोलीत. हा हुकूम समजा." आणि ते स्वतःचं टेबल उचलून मागच्या खोलीत घेऊन गेले. आळीला दिसावं म्हणून दारं उघडी टाकून तिथे बसून लिहायला लागले.

संध्याकाळी मी त्यांना शेवटचं विनवायला गेलो. ते मागच्या खोलीतल्या कपाटापाशी ओणवे होते. त्या कपाटात शाळेची जुनी रजिस्टरं होती, त्यांच्या वडलांच्या काळापासूनची. कपाटाच्या मागे चिरेवर एक कागदाची पट्टी मला दिसली. माझी नव्हती. स्वच्छ, बेताची कापलेली, वर वळणदार अक्षरात तारीख. ते अक्षर मी रोज हजेरीपटात बघत होतो. पट्टी फाटली होती.

त्यांनी माझ्या नजरेकडे पाहिलं आणि खाली बसले.

"माझीच आहे. ही तिसरी."

"मग सोमवारी पोरं..."

"काय करू सांगा," ते म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "एकदा 'धोकादायक' लिहिलं की शाळेला कुलूप. ही पोरं गावाच्या त्या टोकाच्या शाळेत घालतील. छोटी तिथवर जाणार नाहीत, मुली तर नाहीतच. कुलूप कधी निघेल? पाच वर्षांनी? माझ्या वडलांनी दगड वाहिले आणि मी कुलूप लावू?"

मला त्यांचा राग होता तो त्या क्षणी कुठे गेला कळलं नाही. ते रोज माझ्याइतकेच घाबरत होते. फक्त माझी भीती आळीला दिसत होती आणि त्यांची दिसत नव्हती.

"कुलूप लावू नका," मी म्हणालो. "शाळा गिरणीत भरते असं लिहा. पण पोरं इथं नकोत."

ते कपाटाकडे वळले. "रजिस्टरं तरी इथून काढायला हवीत," एवढं पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. पहाटेपासून परत पाऊस लागला होता, सरळ रेषेत पडणारा, न थांबणारा. साडेदहाच्या सुमाराला मी शेडमध्ये पोरांना सोडत होतो. खालून आवाज आला. गाडीतून दगड ओतावेत तसा, पण संपेचना. मग कौलांचा. मग काहीच नाही.

मी धावलो. उतारावर दोनदा पडलो. मागची भिंत गटारावर आडवी झाली होती, छपराचं ते टोक खाली आलं होतं आणि मधून मातीचा धूर पावसातही वर येत होता. पुढच्या खोल्यांतली मुलं नुकतीच घरी गेली होती. बाई अंगणात उभ्या होत्या आणि एकसारखं म्हणत होत्या, "गुरुजी आत आहेत. रजिस्टरं काढतायत."

मी हाताने कौलं उपसायला लागलो. आळीतली माणसं आली, पण जो तो ओरडून दुसऱ्याला सांगत होता. तेवढ्यात कुणी तरी मला बाजूला सारलं. मुलीचा बाप. ती सुटायच्या वेळेला तो शेडपाशी आला होता, तसाच माझ्यामागे पळत आला होता, हातात रस्त्याच्या कामाची पहार. "वासा अंगावर हाय, वढू नका," तो म्हणाला. "मी उचलतो. तुमी पाय धरा. मी सांगंन तवा."

त्याने पहार खाली घालून वासा उचलला. मी आणि आणखी एक जण मिळून हेडमास्तरांना उंबऱ्याकडे ओढलं. ते शुद्धीवर होते. चेहरा मातीने माखलेला, ओठ पांढरे. छातीशी दोन रजिस्टरं गच्च धरलेली.

"मुलं?" ते म्हणाले.

"कुनी नव्हतं," मी म्हणालो. "कुनी नाय."

बाजेवर घालून त्यांना दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. तीन महिने ते अंथरुणावर होते, आणि पुढे काठीशिवाय चालले नाहीत.

आळीत माझं नाव झालं. ओट्यावरची माणसं उठून नमस्कार करायला लागली. एका आईने माझ्या पायावर पोर घातलं. मला ते सहन होत नव्हतं. लोक म्हणत, गुरुजींना आधीच कळलं होतं. मला जे आधी वाटलं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

महिनाभराने मी हेडमास्तरांच्या घरी गेलो आणि त्यांना ते सांगितलं. "मला वाटत होतं, पडावी. रोज वाटत होतं."

ते आढ्याकडे बघत पडले होते. तसेच बघत म्हणाले, "आणि मला रोज वाटत होतं, पडू नये. तिनं दोघांचंही ऐकलं नाही. पाणी मुरलं, पडली. जा, वर्गाची वेळ झाली."

गळालेल्या नऊ मुलांपैकी सात दिवाळीपर्यंत शेडमध्ये परत आली. दोन दुसऱ्या शाळेत गेली. भाताचा हंगाम सुरू झाला तेव्हा इंजिनाच्या आवाजात शिकवणं अशक्य झालं, मग काकूंनी शेडमागचं खळं दिलं. कोंडा उडून पोरांच्या केसांत बसायचा. वरच्या कचेरीतून माणसं आली, मोजमाप झालं आणि नव्या इमारतीला मंजुरी मिळाली. जागा कुठली, यावर आळीची सभा भरली. वहिवाटदारांनी देवळाशेजारची मोकळी जागा फुकट देऊ केली. सगळ्यांनी माना डोलावल्या. हेडमास्तरांना खुर्चीवर बसवून आणलं होतं.

"ती जागा नको," ते म्हणाले. "देवळाची आहे. उद्या परत कुणीतरी पायरी दाखवेल. हमरस्त्यावरची नगरपालिकेची जागा मागा. मिळायला उशीर झाला तरी चालेल."

सभेत चुळबुळ झाली. वहिवाटदार उठून गेले. मी सभेच्या मागे उभ्या असलेल्या त्या मुलीच्या बापाकडे बघितलं. तो खाली बघत होता. पण त्या दिवशी घरी जाताना पहिल्यांदाच तो माझ्याबरोबर चार पावलं चालला. घाटातल्या दरडीबद्दल बोलला. माझी वाडी नेमकी कुठे ते विचारलं. पायरीचा विषय त्याने काढला नाही, आणि मी त्याची माफी मागितली नाही. जमलं नाही.

हमरस्त्यावरची जागा मिळाली. पण पाया खणून होतो न होतो तोच मे महिन्यात माझ्या बदलीचा हुकूम आला. जूनपासून पोलादपूरकडची शाळा, घराजवळची. लोकांनी अभिनंदन केलं. माझ्या जागी नवे गुरुजी येणार होते, आणि काठीवर चालणाऱ्या हेडमास्तरांची चौथीही तेच घेणार होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी खळ्यात गेलो तेव्हा ती हिशेबातली मुलगी तिथे होती. आता ती चौथीत जाणार होती. काकूंच्या सांगण्यावरून पोत्यांच्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहीत बसली होती. मला बघून उठली.

"नवे गुरुजी कसे हायत?" तिने विचारलं.

"चांगले असतील," मी म्हणालो.

तिने हातातली चिठ्ठी दुमडली. आणखी काही विचारायचं होतं, पण विचारलं नाही, परत चिठ्ठ्या घेऊन बसली. मला ते कळलं होतं. 'ते मला कुठे बसवतील?' एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी निघालो नाही. नव्या शाळेत हजर व्हायला चार दिवसांची मुदत होती. मी ती वापरली. नवे गुरुजी बसने उतरले तेव्हा मी स्टँडवर होतो. त्यांची ट्रंक उचलली, खानावळीत नेलं, समोर बसून तासभर सगळं सांगितलं. भिंत, मंडप, माझं ते 'बरं', सगळं. ते माझ्याहून लहान होते, नवीन होते, घामाघूम झाले होते. त्यांनी सगळं ऐकून मान हलवली आणि म्हणाले, "हो हो, बघतो."

पोलादपूरच्या गाडीत बसल्यावर घाटाच्या बाजूला ढग उतरलेले दिसत होते. त्या 'बघतो'मध्ये काय होतं, ते मी वाडी येईपर्यंत मनात घोळवत राहिलो, आणि काही ठरवता आलं नाही.